आजी, इथे एक सही

जनुकांवर रिसर्च पेपर काढायचाय ना? मग रक्ताची काळजी सोडा, मुंबईत ते मुबलक मिळतं. काळजी घ्या ती संमतीपत्राची.

आधी ते चांगलं अकरा पानी करा. मराठी भाषांतर नियमानुसार करावंच लागतं, पण ते असं उतरवा: ‘सदर नमुना अनामिकीकृत स्वरूपात भावी संशोधनार्थ परिरक्षित करण्यात येईल.’ मराठी आहे, आणि कुणाला कळायची भीती नाही.

मग वेळ साधा. पहाटेच्या बदलापूर लोकलने आलेली आजी परळच्या ओपीडीत तीन तास बाकावर बसलीय, मांडीवर केसपेपर, पिशवीत डबा. हीच ती घटका. ‘आजी, इथे एक सही.’ ती विचारेल, ‘यानं बरं वाटंल ना रं?’ हो म्हणू नका, ते खोटं ठरेल. नाही म्हणालात तर नमुना जाईल. नुसतं हसा. संशोधनालाच उपचार समजण्याच्या या गोंधळाला १९८२ पासून ‘थेराप्युटिक मिसकन्सेप्शन’ असं भारदस्त नाव आहे, तेव्हा तुम्ही परंपरेतच आहात.

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला घाबरू नका. २०१९च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात जण लागतात, त्यात एक सर्वसामान्य माणूस. त्यानेच कधी ‘आजीला हे कळलंय का?’ असं विचारलं, तर बटाटेवडे लवकर मागवा.

‘भावी संशोधनार्थ’ हे दोन शब्द मात्र जिवापाड जपा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या संशोधनासाठी म्हणून रक्त दिलं. ते पुढे स्किझोफ्रेनियापासून पूर्वजांच्या स्थलांतरापर्यंत फिरवलं गेलं. २०१० मध्ये तिथल्या विद्यापीठाला सात लाख डॉलर मोजावे लागले, नमुनेही परत करावे लागले. बिचाऱ्यांचं भाषांतर सोपं झालं असणार.

आता कुणी खवचट म्हणेल की जनुकं एकट्या आजीची नसतात. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या तिच्या वाहक-चाचणीत तिची बहीण आहे, दोन्ही मुलगे आहेत, आणि स्थळं बघणं चालू आहे ती नातही आहे. खरं आहे. पण सहीला जागा एकच छापलीय, त्याला तुम्ही काय करणार?

संमतीपत्राची प्रत तिला देणं बंधनकारक आहे, तेवढी द्या. भाजीचं तेल गळू नये म्हणून ती घडी करून डब्याखाली घालेल.

जाताना ती वळून विचारेल, ‘रिपोर्ट कवा मिळंल?’

बुधवारी, म्हणून सांगा. ती येईल. तुम्ही कॉन्फरन्सला असाल.