पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा

सकाळी दूध आणायला खाली गेले तर गेटपाशी रद्दीवाल्याची हातगाडी, बाजूला तीन पोती पुस्तकं. आमच्याच बिल्डिंगमधल्या काकांची. काका जाऊन महिनासुद्धा झाला नाहीये. रद्दीवाला खाली बसून एकेका पुस्तकाचा पुठ्ठा टर्रकन फाडत होता, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचं पोट आहे त्यावर. पण वरून बाल्कनीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "किलोला किती लावलास रे?" आणि माझं डोकंच फिरलं.

एक पुस्तक उचललं. पहिल्या पानावर निळ्या शाईत काकूंचं नाव आणि खाली "लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी, १९७४". अरे हे काट्यावर घालता तुम्ही?

मला माझं चिपळूणचं आजोळ आठवलं. आजीची शाळा चौथीत सुटलेली, पुढे डोळेही अधू झाले. आजोबा लोटिस्मातून, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातून पुस्तक आणायचे आणि संध्याकाळी आजी पडवीत भाजी निवडायला बसली की तिला वाचून दाखवायचे. तसे आजोबा भयंकर तापट, आमटी छान झालीय असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. पण पुस्तकात वाईट काही घडलं की थांबायचे, चष्मा पुसत बसायचे, आजी म्हणायची "वाचा हो पुढं", मग वाचायचे. एका वहीत सगळं लिहून ठेवायचे, पुस्तकाचं नाव, कधी आणलं, कधी संपलं. मी तर म्हणते यापेक्षा वेगळं प्रेम मला नकोच.

मान्य आहे, घरं लहान आहेत, वन बीएचकेत पाच माणसं राहतात, पुस्तकांना कसर लागते, धुळीने शिंका येतात. वाचनालयंही हल्ली जुनी पुस्तकं पटकन घेत नाहीत, तेही मान्य. पण पंचावन्न इंची टीव्हीला भिंत मिळते आणि तीन फुटी कपाटाला मिळत नाही? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ह्याच घरातून पेढे आले होते!

पुराने नेलं तर मी समजू शकते. लोटिस्मा १८६४ पासूनचं आहे. २००५ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं आणि पुस्तकांचा नुसता लगदा झाला. लोकांनी परत उभं केलं, २०१३ ला साहित्य संमेलन चिपळुणात भरवलं, २०२१ ला परत पाणी, परत चिखल, परत साफसफाई. २००५ च्या त्या रात्री आजीने माळ्यावर काय चढवलं माहितीये? दागिन्यांचा डबा मामाने घेतला, तिने ती वही घेतली. आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

वहीतली शेवटची नोंद अर्धीच आहे, "पान ११२ पर्यंत". ते गेल्यावर आजीने मला विचारलं होतं, पुढचं वाचतेस का गं? मी सातवीत होते. दोन पानं वाचली आणि खेळायला पळाले, परत काही ती बोलली नाही. लिहिताना आत्तासुद्धा घशाशी येतंय. काकांच्या मुलांवर मी एवढी चिडलेय त्यात हेही असेल थोडं, आणि बापाचं कपाट रिकामं करणं सोपं नसतंच, कदाचित ती पोती त्यांना बघवतही नसतील.

बाकीची पोती गेली. ते १९७४ चं पुस्तक वीस रुपये देऊन वर आणलंय, आधी काकूंना विचारणार, त्यांना हवं असेल तर त्यांचंच आहे. पुठ्ठा अर्धा निघालाय, दुपारी डिंकाने चिकटवला आणि वर पोळपाट दाबून ठेवलाय.

आईला विचारलं, सुकलं की रात्री वाचून दाखवू का थोडं? ती म्हणाली, थांब, आधी मेथीची जुडी घेऊन बसते.