हरवलेलं मेंढरू म्हणे!

परत तेच. जेवायला बसलो, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि आईची प्रार्थना फिरत फिरत माझ्यापाशी येऊन अडली: "प्रभू, जो तुझ्यापासून दूर गेलाय त्याला परत आण." अगं, मी समोरच बसलोय! नाव न घेता टोमणा, तोही देवामार्फत. उलट बोलायचीही सोय नाही, कारण बोलणं माझ्याशी चाललेलंच नसतं. हळूच एक डोळा उघडला, तर धाकटी बहीणही एकच डोळा उघडून माझ्याकडे बघतेय.

विश्वास काही रागाच्या भरात गेला नाही. बायबल वाचता वाचताच गेला. पण हे सांगितलं की ठरलेलं उत्तर, "कुणीतरी तुझं मन दुखावलंय." मग बायबलमधल्या लूकच्या 15व्या अध्यायातलं ते मेंढरू निघतंच, कळपातून हरवलेलं आणि मेंढपाळाने शोधून परत आणलेलं. अरे बाबांनो, 88वं स्तोत्रही त्याच बायबलात आहे, शेवटच्या ओळीतही अंधारच. ते बरं कुणी काढत नाही!

आणि प्रार्थनेच्या शेवटचं ते "आमेन"! माझ्या तोंडून अजूनही आपोआप निघतं. लगेच आईचा चेहरा उजळतो. झालं, आता आठवडाभर "प्रभू काम करतोय."