फ्रेडे तोतया नाही आणि बाँडची नक्कलही नाही

डेन्मार्कच्या जुन्या विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की एक मत हटकून ऐकू येतं. १९६५ चा ‘स्लो फर्स्ट, फ्रेडे!’, म्हणजे ‘आधी तूच मार, फ्रेडे!’, ही जेम्स बाँडची स्वस्तातली नक्कल. माणूस ओळखण्यात झालेली चूक हा त्यातला एकच विनोद शेवटपर्यंत ताणलेला. डॅनिश लोकांचा पिंडच उदास, म्हणून त्यांना हसूही उसनं आणावं लागतं. आणि या चित्रपटातून पुढे काही निघालं नाही. यातलं काहीच मला पटत नाही. शेवटचं विधान तर धडधडीत चूक आहे.

नक्कल म्हणणाऱ्यांचं एवढं खरं, की बाँडची लाट नसती तर हा चित्रपट झाला नसता. ‘डॉक्टर नो’ १९६२ चा, ‘गोल्डफिंगर’ १९६४ चा, आणि पुढच्याच वर्षी दिग्दर्शक एरिक बॅलिंग यांनी फ्रेडे आणला. विडंबनाला मूळ लागतंच, त्यात चोरी कसली? कथेचा कणा मात्र बाँडचा नाही. फ्रेडे हान्सन हा खोड्या काढायच्या, गमतीच्या वस्तू विकणारा फिरता विक्रेता आणि त्याला स्मिथ नावाचा गुप्तहेर समजलं जातं. साध्या माणसाला हेर समजण्याची गोष्ट हिचकॉकने १९५९ मध्येच ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये सांगितली होती. तिथे नायकाला जो हेर समजतात तो मुळात अस्तित्वातच नसतो. इथे स्मिथ खराखुरा आहे. फ्रेडेच्या धंद्याची निवडही मला फार हुशारीची वाटते. बाँडची यंत्रं जीव घेण्यासाठी बनलेली, फ्रेडेचा माल माणसाला दचकवून हसवण्यासाठी. विडंबन नायकाच्या पेटीतच भरून ठेवलंय.

‘एकच विनोद’ या आक्षेपापाशी जरा थांबायला हवं, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आपल्याकडे तोतया हा शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याने पेशवाईला बरीच वर्षं घोर लावला. तोतया ठरवून सोंग घेतो, त्यामुळे त्याच्या गोष्टीत ताण एकाच प्रश्नाचा: हा पकडला जाणार कधी? फ्रेडेने कसलंच सोंग घेतलेलं नाही. चूक बघणाऱ्यांची आहे. एकदा त्यांनी त्याला हेर ठरवलं की त्याचा साधेपणा हीच त्याची चलाखी वाटायला लागते आणि तो जितकं खरं बोलेल तितका अधिक संशयास्पद ठरतो. हसू येतं ते स्वतःला तज्ज्ञ समजणाऱ्यांच्या खात्रीचं. म्हणूनच हा विनोद ताणला तरी तुटत नाही.

आणि ही कल्पना डेन्मार्कला परकी नव्हती. लुडविग होल्बर्गच्या १७२२ सालच्या ‘येप्पे’ नाटकात उकिरड्यावर पिऊन पडलेल्या शेतकऱ्याला सरदाराच्या पलंगावर नेऊन झोपवतात आणि जागा झाल्यावर तूच सरदार आहेस असं त्याच्या मनावर ठसवतात. आपण कोण, हे दुसरेच ठरवतात, यावर डॅनिश प्रेक्षक बाँड जन्मायच्या कितीतरी आधीपासून हसत आलाय.

उदास पिंडाचं म्हणाल, तर गंभीर चित्रपटांसाठी ओळखला जाणारा डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर आणि कृत्रिम सजावट टाळून चित्रपट काढणाऱ्या डॅनिश दिग्दर्शकांची १९९५ ची डॉग्मा चळवळ एवढ्यावरूनच तो निष्कर्ष निघतो. मूकपटांच्या काळात, १९२१ पासून, कार्ल शेन्स्ट्रॉम आणि हॅराल्ड मॅडसन या उंच-बुटक्या जोडीने युरोपभर लोकांना हसवलं. त्यांची डॅनिश नावं होती दीपस्तंभ आणि साइडकार! लॉरेल-हार्डी जोडी म्हणून नंतर जमले. खुद्द ड्रायरचा १९२५ चा ‘पत्नीचा मान राख’ हा घरात हुकूम गाजवणाऱ्या नवऱ्याला ताळ्यावर आणणारा, बराचसा हसरा चित्रपट आहे.

राहिलं ‘पुढे काही निघालं नाही’. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, फ्रेडेचा दुसरा भाग आला. पहिल्या चित्रपटात मॉर्टन ग्रुनवाल्ड फ्रेडे होता, ओवे स्प्रोगो स्मिथ होता आणि पॉल बुंडगोरही होता. बॅलिंग आणि त्यांचे सहलेखक हेनिंग बास यांनी याच तिघांना घेऊन १९६८ मध्ये ‘ओल्सन टोळी’ ही चोरांच्या टोळीवरची विनोदी चित्रपटमालिका उभी केली. स्प्रोगो झाला योजना आखणारा एगॉन, ग्रुनवाल्ड बेनी आणि बुंडगोर भित्रा केल्ड. १९९८ पर्यंत या टोळीचे १४ चित्रपट झाले. नॉर्वेने आणि स्वीडनने आपापल्या टोळ्या काढल्या, आणि पूर्व जर्मनीत तर डब केलेली मूळ टोळीच घराघरांत पोचली.