वाळवंटातली वीज संध्याकाळी किती?

"सहाराचे तीन टक्के सोलर पॅनेलांनी झाका, साऱ्या जगाची वीज निघते," मास्तर म्हणाला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. तो भौतिकशास्त्र शिकवतो, हिशेब तोंडपाठ. सहारा साधारण ९२ लाख चौरस किलोमीटर. जगाला वर्षाला लागते ती वीज ३० हजार अब्ज युनिटच्या घरात. रांगांमध्ये ये-जा करायला वाट सोडून एका चौरस किलोमीटरवर ५० मेगावॉटची पॅनेलं बसवली, तर तिथल्या उन्हात ती वर्षाला १० कोटी युनिट देतात. भागाकार केला की तीन लाख चौरस किलोमीटर.

अण्णांची सगळी नोकरी भार नियंत्रण केंद्रात गेली, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ घालण्यात. त्यांनी गणित खोडलं नाही. "वर्षाचे युनिट राहू देत. संध्याकाळी साडेसातला किती देशील ते सांग."

माझ्या मते सगळा प्रश्न त्या साडेसातचाच आहे. ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती लागते. दुपारी वीज उतू गेली म्हणून रात्री कुणाचा दिवा लागत नाही.

मास्तरकडे उत्तर तयार होतं: वितळलेलं मीठ. जेवणातलं नव्हे. सोडियम नायट्रेट साठ टक्के, पोटॅशियम नायट्रेट चाळीस. हजारो आरशांनी ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर एकवटायचं, तिथून मीठ फिरवायचं, २९० अंशांवर गेलेलं मीठ ५६५ अंशांवर परत येतं. ते टाकीत भरून ठेवायचं आणि लागेल तेव्हा त्यावर वाफ करून टर्बाइन फिरवायचं. टाकीवर दाब नसतो, आवरण चांगलं असेल तर रात्रभरात उष्णता नाममात्र घटते. स्पेनमधला गेमासोलर हा असाच प्रकल्प २०११ पासून आहे, वीस मेगावॉटचा, पण साठा पंधरा तासांचा. उन्हाळ्यात तो सलग चोवीस तास चाललेला आहे. चिलीत अटाकामाच्या वाळवंटातल्या सेरो डोमिनाडोरचा साठा तर साडेसतरा तासांचा.

"आणि क्रेसेंट ड्यून्स?" अण्णांनी विचारलं.

मास्तर गप्प झाला. अमेरिकेत नेवाडातला ११० मेगावॉटचा हा प्रकल्प, साठा दहा तासांचा. २०१६ मध्ये मिठाची टाकी गळली आणि तो कित्येक महिने बंद पडला. मोरोक्कोत वार्झाझातच्या नूर सौर प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, नूर-३ मध्येही, २०२४ साली गरम मिठाची टाकी गळून वर्षातला बराच काळ वाया गेला. टाकी सतत तापते, निवते, धातू प्रसरण-आकुंचन पावतो, तळाच्या वेल्डिंगवर ताण येतो. त्यात मीठ २२०-२४० अंशांखाली गोठू लागतं, म्हणजे नळ्या रात्रंदिवस गरम राखायच्या. शिवाय आरशांना थेट ऊन लागतं. हवेत धूळ भरली की ते हतबल होतात, साधं पॅनेल विखुरलेल्या उजेडावरही थोडंफार चालतं.

इथे मी मध्ये पडलो, कारण मिठाचा पराभव गळतीमुळे झाला असं मला वाटत नाही. गळती दुरुस्त होते. २०१० नंतरच्या दशकात पॅनेलांच्या किमती जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरल्या, मागोमाग बॅटऱ्याही उतरल्या, आणि आरसे-टर्बाइनचा खर्च त्या वेगाने उतरला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अबू धाबीत जाहीर झालेला प्रकल्प पाहा: ५.२ गिगावॉटची पॅनेलं, १९ गिगावॉट-तासांच्या बॅटऱ्या, आणि वचन दिवसरात्र अखंड एक गिगावॉटचं.

"एकासाठी पाच?" मास्तरला ते उधळपट्टीचं वाटलं. अण्णांनीच त्याला समजावलं. पॅनेल चोवीस तासांची सरासरी धरली तर क्षमतेचा चौथा हिस्सा देतं, म्हणजे पाचाचे सव्वा-दीड हातात येतात. बॅटरीत भरताना-काढताना दहा-पंधरा टक्के जातात. पॅनेल तापलं की पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला तीन-चार दशांश टक्के उत्पादन घटतं, आणि वाळवंटात ते साठ अंशांपर्यंत सहज तापतं. वर धूळ. एवढं सगळं वजा करून एक उरला तर हिशेब चोख आहे. आणि १९ गिगावॉट-तास म्हणजे पॅनेलांकडून काहीच आलं नाही तरी एकोणीस तासांची बेगमी. अण्णांना हा प्रकल्प मनापासून आवडला. ज्याने आयुष्यभर संध्याकाळच्या मागणीचा चढ पाहिलाय, त्याला आवडणारच.

ताई इतका वेळ ऐकत होती. "तुम्ही वाळवंट रिकामं धरून चालला आहात," ती म्हणाली. थरमध्ये माणसं गुरं चारतात. तिथल्या माळढोकाला समोरची तार वेळेवर दिसत नाही, त्यावर आपटून तो मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश सैल केला, कारण उच्चदाबाच्या सगळ्या वाहिन्या पुरणं शक्य नव्हतं. आणि वीज जाते कुठे? २००९ च्या डेझर्टेक योजनेत सहाराच्या विजेवर २०५० पर्यंत युरोपची पंधरा टक्के गरज भागवायचं स्वप्न होतं. ज्यांच्या जमिनीवर हे होणार, त्यांच्या संध्याकाळचं काय, हा तिचा प्रश्न. मला तो पटतो. मोरोक्कोने नूर स्वतःच्या ग्रिडसाठी बांधला हे मला डेझर्टेकपेक्षा शहाणपणाचं वाटतं. मात्र त्यातल्या नूर-१ ला थंड करायला पाणी लागतं हेही ताईनेच सांगितलं. पुढच्या दोन टप्प्यांत हवेने थंड करण्याची सोय केली.

"बरं," अण्णा म्हणाले, "एकोणीस तास झाले. वादळाने तीन दिवस सूर्य झाकला तर?"

मास्तरने हायड्रोजनचं नाव घेतलं. पण वीज देऊन हायड्रोजन आणि हायड्रोजनमधून परत वीज, यात निम्म्याहून जास्त हरवते. ताई म्हणाली, दूरच्या, ऊन असलेल्या प्रदेशातून वाहिनी आणा. चीनमध्ये शिंजियांगपासून आन्हुईपर्यंत तीन हजारांवर किलोमीटरची, अकराशे किलोव्होल्टची डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाची) वाहिनी चालू आहेच. अण्णांचं मत, त्या तीन दिवसांसाठी धरणं आणि वायूवरची केंद्रं हाताशी ठेवा, वर्षातून मोजकेच दिवस चालवा. मी अण्णांच्या बाजूने आहे. ताई नाही, आणि मास्तर अजून टाकीच्या तळाचं वेल्डिंग कसं सुधारता येईल तेच बोलतो आहे.