हॉर्सपॉवरवरून अ‍ॅक्सलची ताकद ठरत नाही

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवरच्या लेखातलं '१५० हॉर्सपॉवरपर्यंत एमजीबीचा मूळ मागचा अ‍ॅक्सल बिनधास्त ठेवा' हे वाक्य पटलं नाही. हाफशाफ्टला (अ‍ॅक्सलमधून चाक फिरवणारा दांडा) हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला टॉर्कचा पीळ बसतो, तोही गिअर आणि क्राउनव्हील (अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक) यांच्या गुणोत्तरांनी गुणून. साध्या १८०० सीसी गाडीत सुमारे १४९ न्यूटन-मीटर गुणिले पहिला गिअर ३.४४ गुणिले अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.९०९, म्हणजे दोन्ही चाकांना मिळून साधारण २००० न्यूटन-मीटर. रोव्हर व्ही८ इंजिन (२६२ न्यूटन-मीटर) आणि त्याचा ३.१४ चा पहिला गिअर बसवून ३.९०९ तसाच ठेवला तर आकडा ३२०० वर जातो. कारखान्याने १९७३ च्या जीटी व्ही८ ला (एमजीबीचंच व्ही८ इंजिनाचं मॉडेल) ३.०७ चं गुणोत्तर दिलं, तेव्हा तो आकडा २५०० च्या आसपास राहिला. त्यामुळे क्रूझिंगला आरपीएमही उतरतो, पण पिनियनला (क्राउनव्हील फिरवणारं छोटं दातेरी चाक) मिळणारा टॉर्क कमी होत नाही, हे विसरू नका.

शिवाय एमजीबीच्या दोन बनावटींच्या अ‍ॅक्सलमधला, सुरुवातीच्या बँजो आणि नंतरच्या सॅलिसबरीमधला फरक लेखात आलाच नाही. व्ही८ साठी सॅलिसबरीच घ्या. तो उघडलात की डिफच्या (डिफरन्शियल, दोन्ही चाकांत टॉर्क वाटणारा भाग) थ्रस्ट वॉशरकडे, म्हणजे गिअरमागच्या झिजणाऱ्या चकत्यांकडे आधी बघा, 'खट्' आवाज बहुधा तिथूनच येतो. पिनियनचा कोलॅप्सिबल स्पेसर (घट्ट करताना दबणारी नळी) एकदा दबला की नवाच टाकायचा. आणि लिमिटेड स्लिप डिफ (एका चाकाचं मोकळं फिरणं आवरणारा) बसवाल तर हाफशाफ्टही तपासा: साधा ओपन डिफ टॉर्क निम्मा-निम्मा वाटतो, लिमिटेड स्लिपमध्ये पकड असलेल्या एकाच शाफ्टवर बराच जास्त येतो. रुंद टायर, पिळणारे स्प्रिंगचे पाटे आणि उडणारा अ‍ॅक्सल एकत्र आले की शाफ्टचा तुकडा पडतो. अ‍ॅक्सलचं उडणं रोखणारा अँटी-ट्रॅम्प बार त्यापेक्षा स्वस्त.