लेवीयच्या अलीकडे

माझ्या बायबलची पहिली ऐंशी-नव्वद पानं हाताळून हाताळून मऊ पडली आहेत. कोपरे दुमडलेत, एका पानावर चहाच्या कपाचं गोल चिन्ह आहे. त्यापुढचं बायबल मात्र करकरीत. जुन्या कराराच्या शेवटच्या मलाखीची पानं तर सोनेरी कडेला अजून एकमेकांना चिकटलेली. दुकानदाराने पाहिली तर पुस्तक परत घेईल. याचं कारण असं की गेली तेवीस वर्षं मी दर 1 जानेवारीला पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करतो. आदाम, नोहा, अब्राहाम, याकोब ही मंडळी मला चुलत्या-मामांइतकी ओळखीची. हबक्कूक संदेष्ट्याची मात्र एकदाही गाठ पडलेली नाही. भेटला तर मी त्याला काय म्हणून हाक मारू, तेही कळत नाही.

या सगळ्याला जबाबदार आमची वॉचनाईट. 31 डिसेंबरच्या रात्री शरणपूर रोड भागातल्या आमच्या मंडळीत उपासना होते, बाराला घंटा होते, सगळे एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणत हात मिळवतात, आणि मग केकच्या तुकड्याबरोबर दोन कागद हातात पडतात. एक म्हणजे वर्षाचं वचन. ताटातली चिठ्ठी उचलायची. यंदा बायकोला ‘मला काही उणे पडणार नाही’ हे आलं आणि तिने घरी येईपर्यंत मला नव्या मिक्सरची आठवण करून दिली. मला आलं ‘निरंतर प्रार्थना करा’. चार शब्दही नाहीत, तीनच. पण त्यात सुटीची सोयच नाही.

दुसरा कागद वर्षभरात बायबल संपवण्याचा तक्ता. हिशोब साधा आहे. एकूण अध्याय 1189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याचे तेवीस, बावन्न आठवड्यांत संपूर्ण बायबल, वर सात अध्यायांची मोकळीक. कागदावर इतकं सोपं दिसतं की आधीच्या वर्षी आपण काय करत होतो असा प्रश्न पडतो. प्रत्येक अध्यायापुढे एक लहानसा चौकोन असतो, त्यात टिक करायची. त्या टिकेचं मला व्यसन आहे, हे आधीच कबूल करतो.

पहाटे साडेचारचा गजर लावला. नाशिकची जानेवारीतली पहाट म्हणजे काय हे ज्याने निफाडकडून येणारा वारा खाल्लाय त्याला सांगायला नको. गोधडीच्या बाहेर काढलेला पाय आपला आहे की शेजाऱ्याचा, ते कळत नाही. तरी उठलो. पलंगाशी गुडघे टेकले, कपाळ गादीवर ठेवलं आणि डोळे मिटले. इथेच चूक होते. गुडघे टेकणं ठीक, डोळे मिटणंही ठीक, पण कपाळाखाली गादी असू नये. सहाला बायको उठली तेव्हा मी त्याच अवस्थेत होतो. ती दबक्या पावलांनी आत गेली आणि सासूला म्हणाली, “दीड तास झाला, अजून प्रार्थनेत आहेत.” आई म्हणाली, “घोरतोय तो.”

येशूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचे शिष्यही झोपले होतेच, असं मी म्हणून पाहिलं. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांत तो युतुख आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि हा खिडकीत बसल्या बसल्या डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत उचललं, वर येऊन भाकर मोडली आणि पुन्हा उजाडेपर्यंत बोलत बसला. झोपेमुळे पवित्र शास्त्रात नाव लागलेला हा एकमेव श्रोता मला फार जवळचा वाटतो. पण आमच्या घरी या दाखल्यांचा परिणाम होत नाही.

तर उत्पत्ती झपाट्याने झाली. निर्गमातला तांबडा समुद्रही ओलांडला. आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दर वर्षीप्रमाणे निवासमंडप, म्हणजे देवासाठी उभारलेला तंबू, आडवा आला. पडदा अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद, त्याला बिरडी पन्नास, बाभळीच्या लाकडाच्या फळ्या इतक्या, रुप्याच्या उथळ्या तितक्या. श्रद्धेने वाचतो, पण डोळ्यांपुढे लग्नाच्या मंडपवाल्याचं कोटेशन येतं. तेवढं संपवलं की लेवीय, ते नियमांचं पुस्तक. एका वर्षी हट्टाने लेवीयच्या तेराव्या अध्यायापर्यंत गेलो होतो. तो त्वचेवरच्या चट्ट्यांचा अध्याय, वचनं एकोणसाठ. विसाव्या वचनाला माझं कोपर खाजायला लागलं, चाळिसाव्याला पाठ. इस्राएल लोक अरण्यात चाळीस वर्षं फिरले म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. मी तेवीस वर्षं सीनाय पर्वताच्या पायथ्याशीच बसलोय.

मग मुलाने फोनवर बायबल ऐकण्याची सोय करून दिली. हे भलतंच आवडलं. वाचणारा दुसराच कोणीतरी, आपण फक्त कान द्यायचे. त्यात वेग वाढवायची खुंटी आहे असं कळल्यावर मी ती दीडपटीवर ठेवली. शरणपूर रोडवरून सातपूरला कंपनीत जाताना स्कूटरवर रोज सात-आठ अध्याय होऊ लागले. मागची थकबाकी वसूल करायची म्हणून मी मधलं सोडून थेट इतिहासाच्या पहिल्या पुस्तकावर उडी मारली. त्याचे पहिले नऊ अध्याय निव्वळ वंशावळ. दीडपट वेगात ‘आदाम, शेथ, अनोश, केनान, महललेल, यारेद’ असं सुरू झालं की सीबीएस बसस्थानकावर कंडक्टर ‘घोटी, इगतपुरी, कसारा’ ओरडतोय असंच वाटायचं. मायको सर्कलपाशी नोहा यायचा आणि एबीबी सर्कलपर्यंत अब्राहामाची नातवंडं.

एका सकाळी तिथेच हवालदाराने बाजूला घेतलं. गाडी चालवताना कानात बोंडं घालू नयेत हे मलाही ठाऊक होतं, त्यामुळे मान खाली.

“गाणी ऐकता का, काका?”

“नाही हो साहेब. वंशावळ.”

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दंड घेतला तो घेतलाच, पण पावती देताना “सांभाळून जा” हे ज्या आवाजात म्हणाला, त्यात काळजी होती.

पुढे मी गाडीवरून उतरल्यावर ऐकू लागलो. पार्किंगपासून खात्यापर्यंत, जेवणाच्या सुटीत, जमेल तसं. तोवर वाचन लूकच्या शुभवर्तमानापर्यंत आलं होतं (कसं आलं विचारू नका, चौकोन भरले होते एवढं खरं). त्या दिवशी साडेदहाला मोठ्या साहेबांची मीटिंग होती. साहेब पडद्यावर नकाशा दाखवत होते. जुनं गोडाऊन पाडायचं, त्या जागी दुप्पट मोठं बांधायचं, पुढची दहा वर्षं मालाची चिंता नाही. माझ्या खिशात फोन थरथरला. तो गप्प करावा म्हणून मी खिशात हात घातला आणि अंगठा नेमका नको तिथे पडला. शांत खोलीत, खणखणीत आवाजात, दीडपट वेगाने शब्द आले: “अरे मूर्खा, आज रात्री तुझा जीव मागितला जाईल!”

लूकचा बारावा अध्याय. ज्याने जुनी कोठारं मोडून मोठी बांधायचं ठरवलं, त्या श्रीमंताला देव जे म्हणतो ते वाक्य. उभ्या बायबलमध्ये एकतीस हजारांवर वचनं आहेत. त्यांतलं त्या खोलीत, त्या नकाशासमोर लागू पडेल असं एकच होतं, आणि ते माझ्या पँटमधून आलं.

साहेबांनी पडदा बंद केला. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा तयार करून गेलो. साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते.

“ते काय होतं सकाळी?”

मी सांगितलं. येशूचा दाखला आहे, एका श्रीमंत माणसाचा.

“बरं. पुढे काय होतं त्याचं? आणि त्याचं चुकलं तरी काय? गोडाऊनच तर बांधत होता.”

प्रश्न अगदी रास्त होता. आणि मला उत्तर देता येईना. तो अध्याय मी आदल्या दिवशीच ऐकला होता, चौकोनात टिक केली होती, पण डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. “वाचून सांगतो, साहेब,” म्हणालो. तेवीस वर्षं बायबल वाचणारा माणूस परक्यासमोर म्हणतो, वाचून सांगतो.

घरी हे सांगितलं तेव्हा आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “म्हणजे इतक्या दिवसांत कुणीतरी ऐकलं म्हणायचं!” मग म्हणाली, “आज काय वाचलंस?”

“तीन अध्याय.”

“मी काय विचारलं. तू किती सांगतोस.”

हाच प्रश्न फिलिप्पाने रथात बसलेल्या हबशी अधिकाऱ्याला विचारला होता, वाचता ते समजतं का म्हणून. त्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे. तो अधिकारी एकटाच यशया वाचत होता, तरी फिलिप्पाला ऐकू गेलं. म्हणजे तो मोठ्याने वाचत होता. जुन्या काळी माणसं तशीच वाचत. बिशप आंब्रोझ ओठ न हलवता वाचतो याचं संत ऑगस्टिनलाही नवल वाटलं होतं. आमच्या शरणपुराला तर मोठ्याने वाचणाऱ्याची ओळखच आहे. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकेकाळी इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1873 मध्ये मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनबरोबर होता. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना या शरणपूरच्या पोराने वाचली. जंगलात, पाळक नाही, तक्ता नाही. पाळकसाहेब ही गोष्ट सांगतात तेव्हा आम्ही सगळे ताठ बसतो, जणू वाचायला आम्हीच उभे होतो.

मार्चमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब, काळा चष्मा, आणि नवा नंबर महिना-दीड महिन्याने. तोवर तिचं जुनं बायबल तिला दिसेना. ते बायबल म्हणजे एक कपाटच आहे: त्यात विजेची बिलं, झावळ्यांच्या रविवारची वाळलेली पाती, माझ्या सहावीच्या निकालाचा कागद. “तू वाच,” म्हणाली. “रूथ काढ. आणि मोठ्याने.”

रूथचे अध्याय चार. माझ्या हिशोबाने सव्वा दिवसाचं काम. मी नेहमीच्या वेगाने सुटलो. तिसऱ्या वचनाला आई म्हणाली, “थांब. नवरा मेला ना रूथच्या सासूचा? परक्या मुलखात? आणि तू भाजीचा भाव सांगितल्यासारखा पुढे गेलास.” परत वाचलं. दोन वचनं पुढे गेलो तर दोन्ही मुलंही गेली. आई गप्प बसली. मी पुढे वाचू लागलो तर हात वर केला. त्या दिवशी पाचच वचनं झाली.

दुसऱ्या दिवशी बायको मेथी निवडायला तिथेच येऊन बसली. सासू-सुनेची गोष्ट म्हटल्यावर येणारच. ‘तुम्ही जाल तिकडे मी येईन’ असं रूथ सासूला म्हणते तिथे आईने काळ्या चष्म्यातून सुनेच्या दिशेने पाहिलं. बायको मेथीतून मान वर न करता म्हणाली, “तिचा नवरा घोरत नसणार, म्हणून तिला सासूशी बोलायला ताकद होती.” शेतमालक बवाजाने रूथला सहा मापं जव दिले त्यावरून तर दोघींचा अर्धा तास वाद. इतकं धान्य ओढणीत बांधून बाईने उचललं कसं? आई म्हणे, आम्ही जलालपूरच्या शेतातून याहून जास्त आणलंय. बायको म्हणे, मोठं माप नसेल. आणि सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नको असं तो म्हणाला, हे दोघींनाही आवडलं. मी मध्ये बोलायला गेलो तर दोघी एकदम म्हणाल्या, “तू वाच.”

वाचन झालं की प्रार्थना. ती आजवर आई करायची. एका रात्री म्हणाली, आज तू कर. मला प्रार्थना येते, येत नाही असं नाही. घरोघरच्या प्रार्थनासभांत मी वाढलोय. तिथले एक काका डोळे मिटून अख्ख्या मंडळीच्या बातम्या देवाला सांगतात: “प्रभू, जी मुलगी काल कॉलेज रोडला दिसली तिला सुबुद्धी दे.” डोळे सगळ्यांचे मिटलेले, कान टवकारलेले, पोहे थंड. तेव्हा मीही घसा साफ केला आणि सुरू झालो, “हे परमपवित्र, सर्वसमर्थ, परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या कृपासिंहासनाजवळ...”

“अरे,” आई म्हणाली, “तो कोण आहे ते त्याला ठाऊक आहे. तू कसा आहेस ते सांग.”

जलालपूरच्याच लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे रेव्हरंड टिळक यांच्या ओव्या-अभंगांवर वाढलेली बाई ती. तिला देवाशी असं जडजड बिरुदांचं मराठी कसं चालणार? मी गप्प. खूप वेळ काही सुचेना. मग म्हणालो, “देवा, कंपनीत माणसं कमी करणार असं कानावर आलंय. मी बावन्न वर्षांचा आहे. भीती वाटते.” हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला आणि थांबला. आमेन कुणी म्हटलं ते लक्षात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना तो बारावा अध्याय सांगितला, या खेपेला वाचून. ते म्हणाले, गोडाऊन तरी होणारच. मी म्हटलं, होऊ द्या.

रूथला बारा दिवस लागले. शेवटच्या रात्री, सवयीने, मी तक्ता काढला. चार अध्यायांना बारा दिवस, म्हणजे अध्यायाला तीन. 1189 गुणिले तीन, 3567 दिवस. पावणेदहा वर्षं. आईला सांगितलं.

तिने थेंब घालून घेतले, डोळे मिटून हिशोब केला. “म्हणजे मला एकोणनव्वदपर्यंत राहावं लागेल.”

“राहा की.”

“यात ते लेवीय पण आलं?”

“आलं.”

“मी कधी वाचलं नाही ते,” आई म्हणाली. “तिथे तुझ्या त्या फोनवर दीडपटीने लाव.”