पहिला कप तुमचा नको

बँकॉकला येणाऱ्या मराठी माणसासाठी इंटरनेटवर ढीगभर सल्ले आहेत. टुकटुकवाल्याशी घासाघीस कशी करायची, शाकाहारी जेवण कुठं मिळतं, आईवडिलांना पटायाला न्यावं की नको. हातातला कचरा कुठं टाकायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. इथल्या फूटपाथवर कचरापेटी शोधता शोधता रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून इथं राहून कमावलेलं ज्ञान फुकट वाटतोय. घ्या.

पहिला नियम पाठ करून ठेवा. पहिला कप कधीही ठेवायचा नाही. पहिला ठेवतो तो अडाणी, असंस्कृत. आपण दुसरा ठेवायचा. विजेच्या पेटीवर, झाडाच्या आळ्यात, कालव्याच्या कठड्यावर, कुठं ना कुठं एक रिकामा प्लॅस्टिकचा कप आधीच विराजमान असतो. त्याच्या शेजारी आपला अलगद टेकवला की झालं. आपण कचरा केला नाही, त्या बिचाऱ्याला सोबत दिली. संध्याकाळी त्याच जागी संमेलन भरलेलं असतं आणि एकालाही अपराधी वाटत नाही, कारण प्रत्येक जण दुसराच असतो.

जागा सापडत नसेल तर फलक शोधा. 'कचरा टाकू नये, दंड २,००० बाट' असं जिथं लिहिलंय, तिथंच टाकायचं. फलक उगाच लावत नाहीत, ढीग बघूनच लावतात. ही रक्कम १९९२ च्या स्वच्छतेच्या कायद्यातली. कालव्यात टाकलंत तर १०,००० पर्यंत जाते, तेवढी काळजी घ्या. म्हणजे टाकताना कुणी बघत नाही ना, याची.

पावसाळ्यातल्या फूटपाथच्या फरश्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्याच्या पँटवर उडालंय त्याला माहीत आहे.

आता सायकलची बास्केट. ही टीप जरा लांबेल, कारण ती माझ्या अंगावर उठली आहे, अक्षरशः. स्कायट्रेनच्या स्टेशनखाली कुलूप लावून उभ्या केलेल्या सायकलींना पुढं जाळीची बास्केट असते. ती बास्केट महापालिकेनं तुमच्यासाठी ठेवलेली कचरापेटी आहे, असं समजा. गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थानं (की बाईनं, देव जाणे) माझ्या बास्केटमध्ये थंड थाई चहाचा कप ठेवला. कप रिकामा नव्हता. तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा गोड गाळ, वर वितळलेला बर्फ, घुमटासारखं झाकण, त्यात स्ट्रॉ, कप धरायची ती प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत डुकराचं मांस भाजलेल्या काड्या. काड्यांनी पिशवी फाटली, कप कलंडला, चहा दांडीवरून ओघळत सीटपर्यंत आला आणि पंचक्रोशीतल्या लाल मुंग्या वारी काढून तिथं पोचल्या. मी घाईत होतो. टांग टाकली आणि बसलो. पुढचं सांगत नाही. त्या दिवशी ऑफिसातली मीटिंग मी उभ्यानं ऐकली.

फेकून देणाऱ्याचा मला एवढा राग येत नाही हो. तो निदान उघड बेशरम आहे. हा कप नीट ठेवलेला होता, झाकण लावून, सरळ उभा. म्हणजे ठेवणाऱ्याला कळत होतं की रस्त्यावर टाकणं वाईट. सायकलीला कुलूप आहे म्हणजे ती कुणाची तरी आहे, हेही कळत होतं. ज्याची आहे तो येईल आणि आपली घाण उचलेल, हा सगळा हिशोब डोक्यात पक्का होता! त्या बास्केटमधून मी कोथिंबीर आणतो, लेकाचे. १ जानेवारी २०२० ला इथल्या मोठ्या दुकानांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या देणं बंद केलं, तेव्हा याच देशातले लोक बादल्या, धुण्याच्या टोपल्या आणि चक्क एकचाकी घमेलं-गाडी घेऊन खरेदीला गेले होते. फोटो जगभर फिरले, लोकांनी कौतुक केलं, मीही केलं. गाडी ढकलत दुकानात जाण्याइतका उत्साह ज्यांच्यात आहे, त्यांना एक रिकामा कप पुढच्या चौकापर्यंत हातात धरवत नाही?

असो. उपरोधानं लिहायचं ठरवलं होतं.

कलेची हौस असेल तर भिंती आहेतच. रातचतेवीला कालव्याशेजारच्या चलेर्म ला पार्कात ग्राफिटीसाठी मोठ्या भिंती मोकळ्या आहेत, तिथली चित्रं बघायला लोक मुद्दाम जातात. पण परवानगी असलेल्या भिंतीवर काढण्यात कसली मजा? तुम्ही चरोएन क्रुंग रस्त्यावर एखाद्या म्हाताऱ्या चिनी दुकानदाराचं लोखंडी शटर निवडा. त्यानं नुकताच रंग दिलेला असावा. त्यावर काळ्या स्प्रेनं कुणालाही न वाचता येणारी सही करा. फक्त पुरातन भिंतींच्या नादाला लागू नका. चियांग माईला था फे दरवाजाच्या भिंतीवर २०१८ मध्ये दोन परदेशी पाहुण्यांनी रात्री अक्षरं काढली, सीसीटीव्हीत सापडले आणि प्रत्येकी एक लाख बाट दंड भरून सुटले. शटरवाल्या म्हाताऱ्यासाठी एवढी धावपळ कुणी करत नाही.

मोठं काही टाकायचं असेल तर होपवेल प्रकल्पाचा आदर्श ठेवा. १९९० मध्ये करार झाला, उन्नत रेल्वे आणि रस्ता होणार होता. १९९८ मध्ये सगळं रद्द झालं आणि डॉन मुआंगच्या रेल्वेमार्गाकडेला काँक्रीटचे खांब नुसते उभे राहिले, वर्षानुवर्षं. साथोर्नला १९९७ च्या मंदीत अर्धवट राहिलेला ४९ मजली मनोरा आहे. एवढं मोठं टाकलं की त्याला कचरा म्हणत नाहीत. लोक त्याचे फोटो काढतात.

देवाधर्माच्या वस्तूंना तर दंडाचीही भीती नाही. इथं घरापुढं वास्तुदेवतेचं देव्हाऱ्यासारखं छोटं घर असतं; ते जुनं झालं, मोडलं की पिंपळाखाली नेऊन ठेवा, हात जोडा, निघा. आपल्याकडं काच फुटलेल्या तसबिरी ठेवतात तसंच. लॉय क्राथोंगच्या सणाला नदीत तरंगते दिवे, म्हणजे क्राथोंग, सोडतात, ते गंगामाईची क्षमा मागायला. इथंही ती गंगाच, 'मे खोंगखा'. वर्षभर पाणी घाण केलं म्हणून माफी मागायची आणि ती माफी पाण्यातच टाकून द्यायची. २०२३ मध्ये पालिकेच्या माणसांनी रातोरात सहा लाखांवर क्राथोंग बाहेर काढले. गंगामाईनं क्षमा केली का, ते तिलाच विचारावं लागेल.

तक्रारीचं ॲप वापरू नका. २०२२ पासून पालिकेनं ते मनावर घेतलंय, फोटो टाकला की कुणी तरी येऊन ढीग उचलूनही नेतं. मग दुसरा कप ठेवायचा कुठं?

हे सगळं मी थाई लोकांवर हसत लिहून संपवणार होतो. पण काल प्रतूनामच्या धक्क्यावर सॅन सॅप कालव्याच्या बोटीची वाट बघत होतो. शेजारी आपल्याकडची एक सहल उभी होती. भाकरवडी संपली, काकांनी पाकिटाचा बोळा केला आणि कठड्यापाशी साचलेल्या कपांच्या ढिगात सोडला. मी मराठीत हटकलं. काका हसले. "इथं सगळेच टाकतात हो!"

नाही टाकत, काका. पहाटे अंधारात लांब दांड्याचा झाडू घेऊन या रस्त्यांवर वाकणारी बाई टाकत नाही. हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत तिकीट फाडणारा पोरगा टाकत नाही, तो दिवसभर या पाण्याचा वास घेतो. रोज सकाळी स्वतःच्या दुकानापुढचा फूटपाथ धुणारी म्हातारी टाकत नाही. तुम्ही टाकलंत. पाठीवर एवढी मोठी सॅक आहे तुमच्या. भरलेलं पाकीट पुण्याहून समुद्र ओलांडून इथवर आणलंत आणि रिकामं झाल्यावर ते जड झालं? घरी जाऊन लोकांना सांगाल, फार घाण शहर आहे म्हणून. कुणी केलं? लाज वाटायला हवी. माझ्याकडं बघून हसू नका. वाका, उचला ते, खिशात घाला. बोट सुटली तर सुटू दे, मागून दुसरी येते.